वसईचा किल्ला शहर म्हणून कसा पाहावा: नाशिककरांसाठी मार्गदर्शन

पंचवटीत गोदावरीच्या काठी नारोशंकराच्या देवळाच्या दर्शनी भागात टांगलेली थोरली घंटा मूळची या देवळाची नाही. 1739 साली चिमाजी आप्पांच्या फौजेने पोर्तुगिजांकडून वसई जिंकली, तेव्हा तेथील चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून मराठी मुलुखात ठिकठिकाणी नेण्यात आल्या. वाईजवळ मेणवलीला आणि भीमाशंकरला त्या आजही पाहायला मिळतात. त्यांपैकीच एक घंटा नाशिकला आली आणि सरदार नारोशंकर राजेबहाद्दर यांनी 1747 मध्ये बांधलेल्या रामेश्वराच्या देवळात तिला जागा मिळाली. गोदावरीला पूर आला की पाणी घंटेपर्यंत चढले का, अशी चौकशी करणारे आपण नाशिककर तिला पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो आहोत; मात्र ती ज्या नगरातून आली, ते नगर सवडीने हिंडून पाहिलेली माणसे आपल्याकडे फार थोडी आहेत.

जे जातात, त्यांतले बहुतेक निराश होऊन परततात, आणि त्याचे कारण माझ्या मते एकच आहे. आपल्या जिल्ह्याने आपल्याला डोंगरी किल्ले पाहण्याची सवय लावली आहे. रामशेज, हातगड, साल्हेर पाहिलेला माणूस वसईला गेला की चढण शोधतो, माची शोधतो, पाण्याची टाकी शोधतो, आणि सपाट जमिनीवर झाडीत विखुरलेल्या भिंती पाहून तासाभरात मोटारीकडे वळतो. वसईचा कोट हा तटबंदीच्या आत वसवलेले बंदराचे शहर होता. तेथे चौक होता, रस्ते होते, नगरसभा होती, दवाखाना होता, निरनिराळ्या ख्रिस्ती संघांचे मठ आणि विद्यालये होती, श्रीमंतांची दुमजली घरे होती. म्हणून हा परिसर शहर पाहावे तसा पाहिला पाहिजे: आधी बंदर, मग वेस, मग चौक, मग देवस्थाने आणि शेवटी तट. पुढील मार्गदर्शन याच क्रमाने केले आहे.

जाण्यापूर्वी माहीत असावे असे थोडे

वसई उल्हास नदीच्या मुखाशी, वसईच्या खाडीच्या उत्तर काठावर आहे. 1534 च्या डिसेंबरमध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने तहान्वये वसई आणि तिच्याखालचा मुलूख पोर्तुगिजांना दिला, आणि त्या मुलखात मुंबईची बेटेही होती. 1536 मध्ये गव्हर्नर नुनो द कुन्हा याच्या आज्ञेवरून गार्सिया द सा याने येथे किल्ला बांधला. तो पहिला लहान किल्ला पुढे बालेकिल्ला म्हणून मध्यभागी राहिला आणि त्याच्याभोवती शहर वाढत गेल्यावर सगळ्याला मिळून मोठा तट घालण्यात आला. तटाच्या आतला परिसर सुमारे 110 एकरांचा भरतो. गोव्याच्या खालोखाल वसई ही पोर्तुगिजांच्या उत्तरेकडील कारभाराची राजधानी होती. येथे जहाजे बांधली जात, आणि येथला काळा दगड गोव्यातील चर्चच्या कोरीव कामासाठी समुद्रमार्गे जात असे. शहराच्या तटाच्या आत राहण्याचा मान प्रामुख्याने पोर्तुगीज उमरावांना होता. ज्यांच्या हातांनी हे शहर उभे राहिले, ते पाथरवट, सुतार, कोळी आणि मळेवाले बहुतांशी तटाबाहेर राहत.

ही सत्ता 205 वर्षे टिकली. 1739 च्या वेढ्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे. मराठ्यांनी वसईचे नाव बाजीपूर ठेवले, पण ते लोकांच्या तोंडी रुळले नाही. 1780 च्या डिसेंबरमध्ये इंग्रज सेनानी गॉडर्ड याने वसई घेतली, 1782 च्या सालबाईच्या तहाने ती पुन्हा मराठ्यांकडे आली, आणि 31 डिसेंबर 1802 रोजी यशवंतराव होळकरांपुढे पुणे सोडून आलेल्या दुसऱ्या बाजीरावाने येथेच इंग्रजांशी तह केला. मराठी सत्तेचा मोठा विजय आणि तिने स्वातंत्र्य गहाण टाकण्याचा प्रसंग हे दोन्ही एकाच गावी, अवघ्या 63 वर्षांच्या अंतराने घडले, ही गोष्ट तेथे उभे राहिल्यावर मनाला फार लागते. इंग्रजी अमलात हे शहर ओसाड पडले. आतल्या मोकळ्या जागेत ऊस लावून साखर करण्याचेही प्रयत्न झाले, आणि घरांचे घडीव दगड लोक नेत राहिले.

एवढा कालक्रम डोक्यात असला म्हणजे पुरे. सगळ्या कप्तानांची नावे पाठ करून जाण्याची गरज नाही.

केव्हा जावे, कसे जावे

डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. पावसाळ्यात आणि दिवाळीपर्यंत गवत कमरेइतके वाढलेले असते, त्यामुळे जोती आणि पायऱ्या दिसत नाहीत आणि साप-विंचवाची भीती राहते. एप्रिल-मे महिन्यांत उन्हापेक्षा दमट हवेचा त्रास अधिक होतो. नाशिकच्या कोरड्या हवेची सवय असलेल्या माणसाला वसईत सकाळी नऊ वाजताच घामाच्या धारा लागतात, म्हणून माणशी किमान दोन लिटर पाणी सोबत ठेवावे. मात्र उन्हाळ्यात गेल्यास किल्ल्याच्या परिसरात आणि वाटेवर ताडगोळे मिळतात, ते अवश्य खावेत.

स्वतःचे वाहन असल्यास इगतपुरी, कसारा, पडघा या मार्गे भिवंडी गाठावी आणि तेथून अंजूरफाटा–चिंचोटी रस्त्याने मुंबई–अहमदाबाद महामार्गावर येऊन वसईकडे वळावे. अंतर साधारण 160 ते 170 किलोमीटर आहे. भिवंडीच्या गोदामांकडे जाणाऱ्या अवजड वाहनांची गर्दी सकाळी उशिरापर्यंत हटत नाही, त्यामुळे नाशिक पहाटे पाचच्या आत सोडणे शहाणपणाचे ठरते. त्र्यंबक, जव्हार, विक्रमगड, मनोर हा दुसरा मार्ग वळणांचा आहे, पण डोंगरातून समुद्राकडे उतरत जाण्याचा अनुभव तोच रस्ता देतो. ज्यांना घाई नाही, त्यांनी निदान एका फेरीसाठी तो धरावा.

रेल्वेने जाणाऱ्यांना सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोडहून सुटणारी पंचवटी एक्स्प्रेस सोयीची वाटेल. दादरला उतरून पश्चिम रेल्वेची विरार लोकल पकडावी आणि वसई रोड स्थानकावर उतरून पश्चिमेस बाहेर पडावे. तेथून पारनाका, वसई गाव या मार्गे किल्ला सात-आठ किलोमीटरवर आहे, आणि महानगरपालिकेच्या बस व रिक्षा मिळतात. कल्याणला उतरून दिवा–वसई मार्गानेही जाता येते, परंतु त्या मार्गावर गाड्या मोजक्याच आहेत. येथे स्पष्ट सांगितले पाहिजे की, सकाळच्या पंचवटीने जाऊन संध्याकाळच्या पंचवटीने परतण्याचा बेत करू नये. किल्ल्यावर पोहोचायला भर दुपार होते आणि परतीची गाडी गाठायची तर तीन तासांतच निघावे लागते. तेवढ्या वेळात शहर पाहून होत नाही, उन्हात नुसती फरपट होते. त्यापेक्षा आदल्या दिवशी दुपारी निघून वसईत मुक्काम करावा आणि सकाळी सात वाजता किल्ल्यात पाऊल टाकावे.

यापेक्षाही उत्तम असा एक मार्ग आता उपलब्ध आहे. भाईंदर आणि वसई किल्ल्याजवळची जेट्टी यांच्यामध्ये 2024 पासून रो-रो फेरीबोट सुरू झाली आहे. लोकलने भाईंदरला उतरावे, पश्चिमेकडील जेट्टीवर जावे आणि बोटीने खाडी ओलांडावी. फेऱ्यांच्या वेळा आदल्या दिवशी विचारून घ्याव्यात, कारण भरती-ओहोटी आणि हवामान यांचा त्यांच्याशी संबंध असतो. प्रवास थोड्याच मिनिटांचा आहे, परंतु वसई समजण्यासाठी त्याच्याइतकी मदत कोणत्याही पुस्तकाची होणार नाही, असे मी खात्रीने म्हणेन. बोट खाडीच्या मध्यावर आली की एका बाजूला उघडा समुद्र, दुसऱ्या बाजूला आत ठाण्याकडे गेलेली खाडी आणि समोर झाडीत बुडालेला तट दिसतो. आतला मुलूख आणि समुद्र यांच्यातला सगळा व्यवहार या एका तोंडातून चालत असणार, आणि ज्याच्या हाती हे तोंड त्याच्या हाती तो व्यवहार, हे न सांगता कळते. मागे भाईंदरच्या बाजूला धारावीचा डोंगर आहे. वसईच्या वेढ्यात मराठ्यांनी तो आधी घेतला, तो खाडीच्या तोंडावर नजर ठेवण्यासाठीच.

बंदरापासून बालेकिल्ल्यापर्यंत

वाहनाने आलेल्यांनीही भू दरवाजापाशी, म्हणजे जमिनीकडच्या दरवाजापाशी, न थांबता रस्त्याने सरळ बंदरापर्यंत जावे आणि तेथून पायी मागे फिरावे. किल्ला बंदर आणि पाचूबंदर ही येथली जिवंत कोळीवस्ती आहे. मोकळ्या जागेत बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत घातलेले असतात, जाळी दुरुस्त करण्याचे काम चालू असते, होड्या ओढलेल्या असतात. साम्राज्ये गेली तरी या किनाऱ्यावरचा हा उद्योग थांबलेला नाही. लोक कामात असतात, त्यामुळे विचारल्याशिवाय छायाचित्रे काढू नयेत आणि वाळवणामधून चालू नये.

बंदर दरवाजा हा शहराचा खरा दर्शनी दरवाजा होय. गोव्याहून आलेला अधिकारी, पाद्री, व्यापारी याच वाटेने आत शिरत असे. आत जाण्यापूर्वी वळून पाण्याकडे पाहावे आणि मग तटाची जाडी डोळ्यांनी मोजावी. दरवाजाच्या कमानीचे घडीव दगड आणि बाजूच्या भिंतीचे ओबडधोबड, चुन्यात बसवलेले दगड यांतला फरक येथेच पाहून ठेवावा, म्हणजे पुढे पडक्या इमारतींमध्ये कोणता भाग शोभेचा आणि कोणता केवळ भाराचा हे ओळखता येते. काळाराम मंदिराचे एकसंध घडीव काम पाहिलेल्या आपल्या डोळ्यांना वसईच्या भिंती प्रथम कच्च्या वाटतात. त्या भिंतींवर पूर्वी चुन्याचा गिलावा होता आणि तो पांढरा दिसत असे, हे ध्यानात घेतले म्हणजे समज बदलते. वळचणीच्या जागी, कमानीच्या आतल्या बाजूला गिलाव्याचे तुकडे अजून शिल्लक आहेत.

दरवाजातून आत आल्यावर जवळच जो उंच मनोरा दिसतो, तो संत जोसेफच्या चर्चचा. हे शहराचे मुख्य चर्च होते. सोळाव्या शतकात बांधलेल्या या चर्चची 1601 मध्ये पुनर्बांधणी झाली. त्या वेळी गोव्याचे आर्चबिशप आलेशो द मेनेझेस होते, असे येथील शिलालेखात नोंदलेले आहे. छप्पर पूर्वीच गेले आहे, म्हणून सभागृहात उभे राहिल्यावर वर आकाश दिसते. येथे घाई करू नये. वेदीच्या जागेकडे तोंड करून मधोमध उभे राहावे आणि नजर दोन्ही भिंतींवरून हळूहळू वर न्यावी. ठराविक उंचीवर ओळीने चौकोनी खोबणी दिसतात. त्यांत लाकडी तुळया बसवलेल्या असत. कोणत्याही पडक्या इमारतीत अशा खोबणींची ओळ सापडली की तेथे माडी, गच्ची किंवा छप्पर होते हे समजावे, आणि मनातल्या मनात त्या पातळीवर जमीन घालून पाहावी. ही एक युक्ती हाताशी असली की वसईतली निम्मी पडझड आपोआप उभी राहू लागते. मनोऱ्याच्या जिन्यावर चढण्याचा मोह टाळावा. पायऱ्या झिजलेल्या आहेत आणि आधार भरवशाचे नाहीत.

पुढे शहराच्या मध्यभागी बालेकिल्ला आहे. त्याच्या दरवाजावर पोर्तुगालची राजचिन्हे कोरलेली आहेत. त्यांत कड्यांनी बनलेला एक गोल दिसेल. ते आकाशगोलाचे यंत्र असून समुद्रमार्गाने जग पालथे घालणाऱ्या त्या राज्याचे ते चिन्ह होते. याच परिसरात चिमाजी आप्पांचे अश्वारूढ स्मारक आहे, आणि मराठी अमदानीतले नागेश्वराचे व वज्रेश्वरीचे देऊळही आहे. देवळांमध्ये नित्य पूजा होते. पोर्तुगीज चौकाच्या आजूबाजूला नगरसभेच्या आणि दवाखान्याच्या इमारतींचे अवशेष आहेत, पण ते इतके मोडलेले आहेत की जाणकार सोबत असल्याशिवाय ते ओळखणे कठीण जाते. तेथे फार वेळ घालवू नये. वेळ राखून ठेवावा तो पुढच्या दोन जागांसाठी.

विद्यालय आणि थडगी

जेझुइट या ख्रिस्ती संघाचे चर्च आणि त्याला लागून असलेले विद्यालय यांचा दर्शनी भाग वसईतला सर्वांत देखणा आहे. दोन्ही बाजूंना खांब, त्यांवर पानांच्या नक्षीची शीर्षे, आणि दारावर येशूच्या नावाची कोरलेली आद्याक्षरे अजून स्पष्ट आहेत. वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया जेझुइटांच्या हाताखालीच शिकला आणि पुढे जपानला गेला. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकी येथे इतर धर्मप्रचारकांबरोबर त्याला क्रूसावर चढवून ठार मारण्यात आले, आणि 1862 मध्ये त्याला संतपद मिळाले. फ्रान्सिस झेवियरही वसईत येऊन गेला होता. गोन्सालो गार्सियाच्या स्मरणार्थ येथे आजही उपासना आणि सण होतो, त्यामुळे ही वास्तू केवळ अवशेष म्हणून पाहू नये. उपासना चालू असल्यास बाहेर थांबावे, आत पादत्राणे आणि आवाज यांचे भान ठेवावे. आसपासच्या गावांतील ख्रिस्ती मंडळी मराठीच बोलतात, आणि आपुलकीने विचारले तर आपल्या घराण्यांविषयी, सणांविषयी भरभरून सांगतात. आपण ज्या विजयाच्या अभिमानाने येथे येतो, त्याच मातीत त्यांचे पूर्वज पुरलेले आहेत, याची जाणीव आपल्या बोलण्यात असावी.

फ्रान्सिस्कनांचे संत अँथनीचे चर्च ही माझ्या दृष्टीने वसईतली सर्वांत मोलाची जागा. येथली जमीनच थडग्यांच्या शिळांची आहे. पावलागणिक एक आयताकृती शिळा, तीवर घराण्याची ढाल, ढालीवर शिरस्त्राण, खाली रोमन मोठ्या अक्षरांतला मजकूर. काही शिळांवर सोळाव्या शतकातली सालेही आहेत. शेकडो वर्षांच्या पावसाने आणि पावलांनी अक्षरे बुजत चालली आहेत, आणि भर दुपारी डोक्यावर ऊन असताना शिळा कोरी वाटते. म्हणून येथे सकाळी लवकर किंवा उन्हे कलल्यावर यावे. तिरपा प्रकाश अक्षरांच्या कडांवर पडला की मजकूर वर येतो. सावलीतल्या शिळेसाठी हातातली विजेरी जमिनीला जवळजवळ टेकवून आडवी धरावी आणि हळूहळू शिळेभोवती फिरवावी. समोरून टाकलेल्या उजेडात जे दिसत नाही, ते बाजूच्या उजेडात स्वच्छ दिसते. वाचताना आधी सालाचा आकडा शोधावा, मग नाव. त्या काळच्या कोरीव लेखनात रोमन लिपीतल्या यू या अक्षराच्या जागी व्ही कोरत, आणि जागा वाचवण्यासाठी दोन अक्षरे एकमेकांत गुंफत. एवढे लक्षात ठेवले तर पोर्तुगीज येत नसतानाही घराण्याचे नाव लागते. अक्षरे उठून दिसावीत म्हणून शिळेवर खडू, हळद, तेल किंवा पाणी लावू नये. दगड त्याने खराब होतो, आणि हा गुन्हाही आहे, कारण किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. शक्य असेल तेथे शिळेच्या बाजूने चालावे.

याच चर्चमध्ये पतीच्या शेजारी पत्नीची, बापाच्या जवळ मुलांची थडगी आढळतात. हे लोक येथे केवळ लुटीसाठी चार वर्षे आलेले सैनिक नव्हते. तीन-चार पिढ्या येथे जन्मल्या आणि येथेच मेल्या. त्यांच्या सत्तेत धर्माच्या नावाखाली जुलूम झाला, देवळे पाडली गेली, हे सत्य आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही. तरीही या शिळांमधून हिंडताना माणसाचे मन थोडे हळवे होते, आणि तसे ते व्हावे.

डॉमिनिकनांच्या आणि ऑगस्टिनियनांच्या चर्चचे अवशेषही तटाच्या आत आहेत. पाय दुखत नसतील तर तेही पाहावेत. त्यांची रचना वर सांगितलेल्या इमारतींपेक्षा फारशी निराळी नाही.

तट आणि वेढा

शहर आतून पाहून झाले की तटाकडे वळावे. तटाला एकूण दहा बुरूज आहेत. त्यांतले जमिनीच्या बाजूचे रेमेदियुश आणि सेबास्तियन हे दोन वेढ्याच्या कथेत महत्त्वाचे आहेत. चिमाजी आप्पा 1739 च्या फेब्रुवारीत येथे स्वतः दाखल झाले. तीन बाजूंना पाणी आणि दलदल, त्यामुळे हल्ला करायचा तो जमिनीकडूनच, आणि तेथे मोकळ्या मैदानात तोफांचा मारा. मराठी फौजेने खंदक खणत, मोर्चे पुढे सरकवत तटाचा पाया गाठला आणि बुरुजांखाली सुरुंग भरले. मे महिन्याच्या मध्यास सुरुंग उडाले, सेबास्तियन बुरुजाला खिंडार पडले, आणि दोन दिवसांच्या भीषण लढाईनंतर 16 मे रोजी किल्लेदाराने शरणागती पत्करली. मराठ्यांची हजारो माणसे या वेढ्यात कामी आली. पोर्तुगिजांना बायकामुले आणि चीजवस्तू घेऊन मानाने निघून जाण्यासाठी आठ दिवसांची मुदत देण्यात आली आणि ती पाळली गेली. चिमाजी आप्पांचे मोठेपण मला विजयाइतकेच या वागण्यात दिसते.

हे समजून घेण्यासाठी तटाबाहेर जमिनीच्या बाजूला उभे राहावे आणि बुरुजाकडे पाहावे. आपण उघड्यावर आहोत आणि दोन्ही बुरुजांच्या माऱ्यात आहोत, हे क्षणात कळते. डोंगरी किल्ल्यावर चढणीचा कडा हाच रक्षणकर्ता असतो. येथे सपाटीवर तेच काम बुरुजांच्या कोनांनी केले आहे. एका बुरुजाच्या पायथ्याशी पोहोचलेला माणूस शेजारच्या बुरुजावरून टिपता यावा, असा त्यांचा आकार आणि अंतर आहे. तटावरून चालताना कडेपासून दूर राहावे, वडा-पिंपळाच्या मुळांनी दगड सुटे झाले आहेत. भुयारासारख्या वाटा दिसतात, त्यांत शिरू नये.

वसई पडल्याची बातमी मुंबईच्या इंग्रजांना इतकी झोंबली की, त्यांनी तातडीने कॅप्टन इंचबर्ड याला चिमाजी आप्पांकडे बोलणी करण्यास पाठवले, आणि मुंबईच्या कोटाभोवती खंदक खणण्यासाठी तेथील व्यापाऱ्यांनी 30,000 रुपये वर्गणी काढली. मुंबईच्या फोर्ट भागात जाणाऱ्यांनी हा धागा तेथेही आठवावा.

जेवण, इतर जागा आणि परतीचा रस्ता

किल्ल्यात खाण्याची भरवशाची सोय नाही आणि स्वच्छतागृहांचीही अडचण आहे, म्हणून बरोबर मुले किंवा ज्येष्ठ माणसे असल्यास पारनाक्याला किंवा वसई गावात सोय करून मगच आत जावे. जेवणासाठीही तेथेच परतावे. मासे खाणाऱ्यांना वसईत काही सांगायला नको. आगाशीचे भुजिंग, म्हणजे निखाऱ्यावर भाजलेली कोंबडी पोह्यांबरोबर, हा या बाजूचा खास पदार्थ आहे. शाकाहारी माणसाने वसईची सुकेळी घरी न्यावीत. पिकलेली केळी उन्हात वाळवून करतात, ती आपल्या मनुकांप्रमाणे बरेच दिवस टिकतात.

दुसरा दिवस हाताशी असेल तर नालासोपाऱ्याचा स्तूप पाहावा. आपल्या पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यात भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शोर्पारग येथे त्याने धर्मशाळा बांधल्याचे आणि डहाणुका, तापी आदी नद्यांवर फुकट नावा ठेवल्याचे सांगितले आहे. गोवर्धन नाशिकजवळचे, आणि शोर्पारग म्हणजे हे सोपारे. पोर्तुगीज येण्यापूर्वी चौदाशे वर्षे नाशिक आणि वसईचा किनारा एकाच व्यापारी वाटेवर होते, याचा हा दगडावरचा पुरावा आपल्या गावात आहे. नाशिकच्या लेखांचे वाचन करणाऱ्या पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीच 1882 मध्ये सोपाऱ्याचा स्तूप उकरला, आणि तेथे मिळालेले करंडक, म्हणजे पवित्र अवशेष ठेवण्याच्या डब्या, मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत आहेत. स्तूपाच्या जागी आता विटांचा उंचवटा तेवढा आहे. अर्धा तास पुरतो.

वाहनाने परतणाऱ्यांनी महामार्गावरील शिरसाड फाट्यावरून वज्रेश्वरीकडे वळावे. वसई जिंकल्यास देऊळ बांधीन, असा नवस चिमाजी आप्पांनी या देवीला केला होता, आणि विजयानंतर तो फेडला. किल्ल्याच्या धर्तीवरचे ते तटबंद देऊळ आणि त्याचा नगारखाना पाहिला म्हणजे वसईची सहल पुरी होते. जवळच अकलोली आणि गणेशपुरी येथे गरम पाण्याची कुंडे आहेत, दिवसभर चाललेल्या पायांना ती फार सुखाची वाटतात. तेथून अंबाडीमार्गे भिवंडीकडे येऊन नाशिकचा महामार्ग धरावा. दुपारी चारपर्यंत वज्रेश्वरी सोडली तर कसारा घाट उजेडी चढून होतो. डिसेंबर-जानेवारीत सहानंतर अंधार लवकर पडतो, म्हणून ही वेळ शक्यतो चुकवू नये.